रेझ्युमे आणि आपली व्यावसायिक ओळख

रेझ्युमे म्हणजे नोकरीच्या अर्जासोबत द्यावयाचा कारकिर्दीचा एक-दोन पानी गोषवारा. मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थही ‘संक्षेप’ असाच आहे. अमेरिकेत सीव्ही हा वेगळा, प्रामुख्याने विद्यापीठे व संशोधन संस्थांसाठीचा सविस्तर दस्तऐवज; ब्रिटनमध्ये मात्र या गोषवाऱ्यालाच सीव्ही म्हणतात. भारतातून आपण सोबत आणलेला ‘बायोडेटा’ या दोहोंहून निराळा. त्यातील छायाचित्र, जन्मतारीख, वडिलांचे नाव, वैवाहिक स्थिती आणि अखेरचे सत्यतेचे प्रतिज्ञापन अमेरिकेत संपूर्ण वगळावे. वर्ण, धर्म, लिंग वा मूळ देश यांवरून नोकरीत भेदभाव करण्यास १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने आणि चाळिशीपुढील वयावरून करण्यास १९६७ च्या कायद्याने मनाई आहे. असा तपशील हाती न आलेलाच कंपन्यांना बरा वाटतो.

‘पर्सनल ब्रँड’ ही कल्पना रूढ झाली ती टॉम पीटर्स यांच्या १९९७ मधील ‘फास्ट कंपनी’ मासिकातील लेखामुळे. हा शब्द अनेक मराठी कानांना खटकतो, आणि ते स्वाभाविक आहे. दासबोधातील मूर्खलक्षणांत आत्मस्तुती मोजलेली आहे. पण त्याच ओवीत वाडवडिलांच्या नावलौकिकावर मिरवणाराही मूर्खच ठरतो, हे आपण विसरतो. आपल्यापैकी अनेकांच्या रेझ्युमेत मोठमोठ्या ग्राहक-कंपन्यांची नावे ठळक अक्षरांत असतात. स्वतः काय केले, याचा मात्र पत्ता नसतो. ‘बँकेच्या प्रणालीची देखभाल करणाऱ्या चमूचा सदस्य’ या ओळीतून केवळ हजेरी कळते. ‘रात्रीच्या हिशेबजुळणीचा वेळ सहा तासांवरून दोन तासांवर आणला, त्यासाठी अमुक भाग नव्याने लिहिला’ या ओळीतून माणूस कळतो. ही आत्मस्तुती नव्हे, पडताळून पाहता येणारी नोंद आहे. अशा पाच-सहा नोंदींतून जे समान सूत्र दिसेल, तोच आपला ब्रँड. ते सूत्र रेझ्युमेच्या माथ्यावर दोन ओळींत मांडावे. ‘मेहनती’, ‘ध्येयवादी’ ही विशेषणे तेथे नकोत.

वेगळेपणा मजकुरात असावा, सजावटीत नव्हे. बहुतेक मोठ्या कंपन्यांत अर्ज प्रथम एटीएस या संगणकप्रणालीत जातो. दुहेरी स्तंभ, तक्ते आणि चित्रांत बसवलेला मजकूर तिला पुष्कळदा नीट वाचता येत नाही.

एच-१बी व्हिसाधारकांच्या दृष्टीने हा विषय केवळ शैलीचा नाही. जानेवारी २०१७ पासूनच्या नियमानुसार नोकरी गेल्यास जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात. मुक्कामाची मंजूर मुदत त्याआधी संपत असेल, तर तेवढेच. त्या अवधीत नव्या कंपनीकडून अर्ज दाखल व्हावा लागतो. मुलाखतींच्या फेऱ्या आणि वकिलांची कागदपत्रे यांतच हे दिवस सरतात. शिवाय नोकरी जाताच कार्यालयीन संगणक बंद होतो आणि कामाचे आकडे त्यातच राहतात. म्हणून गोपनीयतेच्या अटी पाळून आपल्या कामाची नोंद दर तिमाहीस स्वतःच्या वहीत करावी.

लाख-कोटी मिलियनमध्ये लिहावेत. ‘विशेष प्रावीण्यासह प्रथम श्रेणी’ येथे फारशी कुणाला उमगत नाही. पदवी, शाखा आणि विद्यापीठ एवढे पुरे.