फरशीवरचं गणित

जून १९८४ मध्ये मी माण तालुक्यातल्या एका महाविद्यालयात गणित शिकवायला लागलो. त्याच वर्षी १५ ऑगस्टला विद्यापीठ अनुदान आयोगाने इन्सॅट-१बी उपग्रहाच्या आधारे दूरदर्शनवर ‘कंट्रीवाइड क्लासरूम’ सुरू केलं. काही वर्षांनी आमच्याकडेही टीव्ही संच आला. पण प्रसारण दुपारी, आणि मुलांची गावाकडची एसटीही दुपारचीच. कार्यक्रम इंग्रजीत. पडद्यावरचे सर थांबत नसत, आणि आमच्या मुलांना नेमकं ते थांबणंच हवं असे.

१९८९ मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झालं. संस्थापक कुलगुरू राम ताकवले. पुस्तकं मराठीतून, विद्यार्थ्याच्या घरी. आणि अडलं तर विचारायला अभ्यासकेंद्रावर संमंत्रक. मीही रविवारी संमंत्रक म्हणून बसत असे. शाळा सुटून वीस वर्षं झालेल्या बाया शेतातली कामं उरकून अपूर्णांक विचारायला येत. शिक्षण दूरचं असलं तरी शिकवणारा जवळ लागतो, हे मला तिथे उमगलं.

मग जग दारात आलं. एप्रिल २००१ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीने आपलं अध्यापन साहित्य इंटरनेटवर सगळ्यांसाठी मोफत खुलं करण्याचं जाहीर केलं. आपल्याकडे आयआयटी आणि आयआयएस्सी यांचा ऑनलाइन व्याख्यानांचा एनपीटीईएल उपक्रम उभा राहिला. २०११ मध्ये स्टॅनफर्डच्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या एका वर्गाला जगभरातून दीड लाखावर लोकांनी नावं नोंदवली.

आमच्या एका माजी विद्यार्थ्याने पुण्याहून गिल्बर्ट स्ट्रँग यांची रेषीय बीजगणिताची व्याख्यानं सीडीवर आणून दिली. एमआयटीचे हे प्राध्यापक हातात खडू घेऊन फळ्यावरच शिकवत होते. पहिल्याच तासाला त्यांनी दोन समीकरणं मांडली: २क्ष − य = ०, −क्ष + २य = ३. उत्तर मुलांनी चटकन काढलं: क्ष १, य २. पण स्ट्रँग म्हणाले, आता ओळी नव्हे, स्तंभ पाहा. वर्ग गप्प झाला.

मी व्याख्यान थांबवलं आणि सगळ्यांना व्हरांड्यात नेलं. शहाबादी फरशीवर एका मुलीला उभं केलं. पहिला स्तंभ, म्हणजे क्षचे सहगुणक २ आणि −१, एकदा, कारण क्ष १: दोन फरश्या पूर्वेला, एक दक्षिणेला. दुसरा स्तंभ, म्हणजे यचे −१ आणि २, दोनदा, कारण य २: दर वेळी एक फरशी पश्चिमेला, दोन उत्तरेला. चालून झाल्यावर ती निघाल्या जागेपासून बरोबर तीन फरश्या उत्तरेला उभी होती. “सर, म्हणजे शून्य आणि तीन!” ती ओरडली. त्या दिवशी बॉस्टनजवळचा तास माणात पोचला. स्ट्रँग नसते तर मला ती वाट सुचली नसती. आणि फरशी नसती तर मुलांना ती दिसली नसती.

२०२० च्या टाळेबंदीत सगळेच वर्ग मोबाइलवर गेले. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या नियमांनी विद्यापीठांना एका सत्रातल्या ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रमांचे श्रेयांक ‘स्वयम्’ या सरकारी ऑनलाइन व्यासपीठावरून घेऊ देण्याची मुभा दिली. जगातला उत्तम शिक्षक खेड्यातल्या मुलाला ऐकायला मिळावा, याचा मला मनापासून आनंद आहे. पण कॅमेऱ्यासमोरच्या शिक्षकाला आमच्या व्हरांड्यातली गप्प झालेली मुलं दिसत नाहीत.

महाविद्यालयं चालवणाऱ्यांना माझी एकच विनंती आहे. पडदा जरूर लावा. पण शिक्षकाची जागा रिकामी ठेवायला त्याचं निमित्त करू नका. व्याख्यान मध्येच थांबवून मुलांना फरशीवर नेणारा एक माणूस प्रत्येक वर्गात हवा.