सांबार कुणाचं? तूर, चिंच अन् तंजावर

तुरीची रास खळ्यावरून उठली की एक मेसेज हमखास फिरतो: सांबार मराठ्यांनी शोधलं, संभाजी महाराजांच्या नावावरून ते नाव पडलं. यंदा तो मला तीन ग्रुपवर आला. आपण तूर पिकवणारी माणसं, तेव्हा गोष्ट जरा पाखडून घेऊ.

सांगतात ते असं. तंजावरचे शहाजीराजे आमटी करत होते, आमसूल संपलेलं, म्हणून चिंच घातली. पाहुणे संभाजी महाराज, म्हणून सांबार.

आता तारखा बघा. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी यांनी १६७५ च्या सुमारास तंजावर घेतलं. त्यांचे चिरंजीव शहाजी गादीवर आले १६८४ ला. संभाजी महाराजांचा शेवट १६८९ चा. मधे राहिली पाचच वर्षं, अन् ती औरंगजेबाच्या फौजांशी झुंजण्यात गेली. तंजावरच्या त्या जेवणाचा त्या काळचा कागद मला तरी कुठं दिसला नाही.

दुसरं, आमसूल कोकणचं. आपल्या मराठवाड्यात आमटीला चिंचच लागते, बांधावरचीच. तमिळ मुलखातही चिंच जुनीच. मग चिंच घालायला आमसूल संपायची वाट कशाला बघायची?

आणि शब्द? संस्कृतात संभार म्हणजे जमवलेलं सामान. कानडीत सांबार म्हणजे मसाल्याचे जिन्नस. आपल्याकडं सेनगाव, कळमनुरीच्या वऱ्हाडाकडच्या अंगाला कोथिंबिरीला सांबारच म्हणतात. बाजारात 'दहा रुपयाचा सांबार दे' म्हणलं की जुडी हातात पडते, पातेलं नाही. माझं मत, शब्द मसाल्यावरून आला अन् राजाची गोष्ट मागून चिकटली.

पण म्हणून मराठी हात तिथं लागलाच नाही असं नाही. तंजावरच्या राज्याला पूर्वेला समुद्र, मधे कावेरीचं भाताचं खोरं. १८५५ ला इंग्रजांनी ते खालसा करेपर्यंत पावणेदोनशे वर्षं तिथं भोसले होते. दुसरे सरफोजी यांनी १८०३ ला घराण्याचा इतिहास मराठीत मोठ्या देवळाच्या भिंतीवर कोरून घेतला. त्यांच्या काळातलं 'सरभेंद्र पाकशास्त्र' सरस्वती महाल ग्रंथालयात आहे, तेही मराठीत. आजही तिकडं वांग्याच्या एका डाळभाजीला 'रसवांगी' म्हणतात, अन् कारल्याची 'पिटलई' करतात. पहिल्यात आपलं वांगं सरळच दिसतंय, दुसऱ्यात पिठलं. फक्त पिठलईत बेसन नाही, तूरडाळ, चिंच अन् वाटलेलं खोबरं असतं. माझ्या हिशोबानं मेसेज फिरवायचाच तर या दोन नावांचा फिरवा, ती टिकतात.

उलटी देवाणघेवाणही बघा. आपण हळदीचं बेणं कोणतं लावतो? सेलम. नाव तमिळनाडूतल्या सेलम गावाचं. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण शेतात उभी जात बहुतेक ठिकाणी दक्षिणेचंच नाव सांगते. त्याचं कुणाला वाईट वाटत नाही, आणि वाटूही नये.

मला टोचतं ते वेगळं. किनाऱ्यावरच्या त्या पातेल्यात आज तूर कुणाची? २०२१ ला केंद्रानं तुरीची आयात मोकळी केली. म्यानमारची, मोझांबिकची तूर जहाजानं थेट बंदरात उतरते. २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ८,००० रुपये. मोंढ्यात आपण रास घेऊन जातो तेव्हा पलीकडं जहाज लागलेलं असतं, हे भाव काढणाऱ्याला माहीत असतं, आपल्याला उशिरा कळतं. सांबार आपल्या राजाचं ठरलं तरी त्यानं क्विंटलमागं रुपया वाढत नाही.

तुमच्या गावात सांबार म्हणजे कोथिंबीर का आमटी, तेवढं खाली तालुक्यासह लिहा. हा शब्द कुठवर चालतो ते मला बघायचंय.