टर्बो पेट्रोल इंजिन : रचना, देखभाल आणि नेहमीचे बिघाड

लहान पेट्रोल मोटारींमध्ये टर्बोचार्जर बसविण्याची पद्धत भारतात प्रामुख्याने २०१३ नंतर रूढ झाली. फोर्डची इकोस्पोर्ट आणि फोक्सवॅगनची पोलो जीटी या मोटारी त्या वर्षी अशा इंजिनांसह बाजारात आल्या. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज-६ ही प्रदूषण मानके लागू झाल्यानंतर लहान डिझेल इंजिने महाग पडू लागली आणि अनेक कंपन्यांनी ती बंद केली. जोरकस इंजिन हवे असणारा ग्राहक साहजिकच टर्बो पेट्रोलकडे वळला.

यामागे करांचे गणितही आहे. चार मीटरपर्यंत लांबी आणि १२०० सीसीपर्यंतचे पेट्रोल इंजिन असलेल्या मोटारींना भारतात पूर्वीपासून करसवलत आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून अशा मोटारींवर १८ टक्के, तर त्याहून मोठ्या पेट्रोल मोटारींवर ४० टक्के वस्तू आणि सेवा कर आकारला जातो. इंजिनाचा आकार न वाढवता शक्ती वाढविण्याचा मार्ग म्हणून कंपन्यांनी टर्बोचार्जर स्वीकारला.

फरक किती पडतो, हे ह्युंदाईच्या व्हेन्यू या २०१९ मध्ये आलेल्या मोटारीवरून स्पष्ट होते. तिच्या १.२ लिटरच्या साध्या इंजिनाची शक्ती ८३ पीएस आणि टॉर्क सुमारे ११५ न्यूटन मीटर होता. त्याच मोटारीतील ९९८ सीसीचे तीन सिलिंडरचे टर्बो इंजिन मात्र १२० पीएस आणि १७२ न्यूटन मीटर देत होते. शिवाय हा टॉर्क मिनिटाला १५०० फेऱ्यांपासूनच मिळत असे, तर साध्या इंजिनाला त्यासाठी ४००० फेऱ्यांपर्यंत जावे लागे. चाकण येथे तयार होणाऱ्या फोक्सवॅगन टायगुन आणि स्कोडा कुशाक यांचे १.० लिटरचे इंजिन ११५ पीएस आणि १७८ न्यूटन मीटरचे आहे.

स्वित्झर्लंडचे अभियंते आल्फ्रेड ब्युखी यांनी १९०५ मध्ये या कल्पनेचे एकस्व घेतले. धुराड्यातून वाया जाणाऱ्या तप्त वायूंवर एक टर्बाइन फिरते आणि त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाचा पंखा हवा दाबून इंजिनात पाठवितो. दाबलेली हवा तापते, म्हणून इंटरकूलरमध्ये ती थंड केली जाते. दाब प्रमाणाबाहेर जाऊ नये, यासाठी वेस्टगेट नावाची झडप असते. लेहसारख्या सुमारे ३५०० मीटर उंचीच्या ठिकाणी हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा जवळजवळ एक तृतीयांशाने कमी असतो. तेथे साधे इंजिन धापा टाकते, टर्बो इंजिनाला मात्र ही उणीव बरीचशी भरून काढता येते.

ऑइलचे महत्त्व

लहान टर्बोचा दांडा मिनिटाला दोन लाख फेऱ्यांपर्यंत फिरू शकतो आणि पेट्रोल इंजिनात टर्बाइनकडे येणारे वायू ९०० अंश सेल्सिअसच्या पुढे तापलेले असतात. बहुतेक मोटारींत हा दांडा इंजिन ऑइलच्या पातळ थरावर तरंगत असतो. ऑइल कमी झाले, जळून घट्ट झाले किंवा त्यात पेट्रोल मिसळून ते पातळ झाले, तर सर्वप्रथम झीज होते ती येथे. टर्बो इंजिनांचे अनेक महागडे बिघाड ऑइलच्या हेळसांडीतून उद्भवतात.

बहुतेक कंपन्या १० ते १५ हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, यांपैकी जे आधी येईल त्या वेळी ऑइल बदलण्यास सांगतात. तथापि, माहितीपुस्तिकांमध्ये ‘खडतर वापरा’साठी यापेक्षा कमी अंतर दिलेले असते, आणि वाहतूक कोंडी, धूळ, कडक ऊन व चार-पाच किलोमीटरच्या फेऱ्या यांचा समावेश त्यातच होतो. म्हणजे आपल्या शहरांतील बहुतेक मोटारी खडतर वापराच्याच म्हणायला हव्यात. वर्षातून एक जादा ऑइल बदल हा नव्या टर्बोच्या तुलनेत किरकोळ खर्च आहे.

डब्यावर ‘सिंथेटिक’ लिहिलेले असणे पुरेसे नाही. कमी वेगात वरच्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबल्यास टर्बो इंजिनात काही वेळा ठिणगी पडण्यापूर्वीच इंधन पेट घेते आणि त्या धक्क्याने पिस्टनला तडा जाऊ शकतो. ऑइलमधील कॅल्शियमयुक्त घटक या प्रकाराला हातभार लावतात, असे आढळल्यानंतर अमेरिकन पेट्रोलियम संस्थेने २०१८ मध्ये ‘एसएन प्लस’ आणि २०२० मध्ये ‘एसपी’ ही मानके आणली. त्यामुळे पुस्तिकेत दिलेला संकेत आणि डब्यावरील संकेत जुळतो की नाही, हे पाहणे आवश्यक आहे. चढावर इंजिन गुदमरू लागल्यास गिअर वेळीच खाली आणावा.

इंजिन बंद करण्यापूर्वी दोन मिनिटे सुरू ठेवण्याचा जुना दंडक आता तितका लागू नाही, कारण हल्लीच्या बहुतेक टर्बोंभोवती कूलंट खेळविलेले असते. घाट चढून किंवा द्रुतगती मार्गावरून येऊन लगेच थांबायचे असेल, तर अर्धा-एक मिनिट पुरते. गाडी बंद केल्यानंतरही पंखा फिरत राहणे हा दोष नव्हे.

नेहमीचे बिघाड

पिकअप अचानक कमी होणे आणि वेग घेताना फुसफुस आवाज येणे, ही हवेचा होज फाटल्याची किंवा निसटल्याची लक्षणे होत. हे काम स्वस्त आहे; पण तपासणी न करताच टर्बो बदलण्याचा सल्ला मिळू शकतो, म्हणून प्रथम होज, मग वेस्टगेट आणि शेवटी टर्बो, असा क्रम धरण्याचा आग्रह ग्राहकाने करावा. निळसर धूर आणि घटणारे ऑइल हे मात्र गंभीर लक्षण आहे. दाब वाढताना इंजिन अडखळत असेल, तर बहुधा स्पार्क प्लग किंवा कॉइल दोषी असते.

पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये सोडणाऱ्या इंजिनांत आणखी एक अडचण येते. हवेच्या झडपांवरून पेट्रोल वाहत नसल्याने त्या धुतल्या जात नाहीत आणि त्यांवर कार्बन साचतो. टाकीत ओतायची औषधे तेथपर्यंत पोहोचत नाहीत. झडपा उघड्या करून अक्रोडाच्या टरफलांच्या भुग्याचा मारा करणे, हा त्यावरील प्रचलित उपाय आहे. टाटा नेक्सॉनचे १.२ लिटरचे इंजिन टर्बो असले, तरी त्यात पेट्रोल झडपांआधीच सोडले जात असल्याने तेथे हा त्रास फारसा संभवत नाही.

फोर्डच्या १.० लिटर इंजिनात ऑइलमध्ये भिजलेला पट्टा वापरण्यात आला होता. त्याचे तुकडे सुटल्यास ऑइलचा मार्ग तुंबतो. डिसेंबर २०२३ मध्ये फोर्डने अमेरिकेत सुमारे १ लाख ४० हजार मोटारी ऑइल पंपाच्या पट्ट्याशी संबंधित दोषामुळे परत बोलावल्या. त्यांतील इकोस्पोर्ट चेन्नईजवळ तयार झालेल्या होत्या. भारतात विकल्या गेलेल्या पहिल्या टर्बो इकोस्पोर्टनाही आता दहा वर्षे उलटून गेली आहेत. अशी मोटार जुन्या बाजारातून घेणाऱ्याने पट्टा कधी बदलला, याची पावती पाहिल्याखेरीज व्यवहार करू नये.

कोणतीही जुनी टर्बो मोटार पाहताना इंजिन थंड असतानाच ते सुरू करून पाहावे. विक्रेत्याने आधीच गरम करून ठेवले असेल, तर दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा जावे. पहिल्या मिनिटातील धूर, खडखडाट आणि ऑइलच्या दांडीवरील पातळी यांवरून बरेच काही कळते. दांडीला पेट्रोलचा तीव्र वास येत असेल, तर ऑइल पातळ झाले असण्याची शक्यता धरून पुढील तपासणी करावी.