तळटीप : पठ्ठे बापूराव

* पठ्ठे बापूराव (१८६६–१९४५) : मूळ नाव श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी. जन्म वाळवा तालुक्यातील रेठरे हरणाक्ष येथे. हा तालुका तेव्हा सातारा जिल्ह्यात होता. १९४९ मध्ये दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. म्हणून त्यांना साताऱ्याचे म्हणा वा सांगलीचे, दोन्ही बरोबरच. ब्राह्मण कुलकर्ण्याचा मुलगा महार समाजातील पवळाबाईसोबत तमाशाच्या फडात उभा राहिला, एवढ्यावरच त्यांची ओळख बहुधा संपते. जातीची चौकट मोडल्याशिवाय ते फडात आलेच नसते, हा आक्षेप खरा आहे. पण त्यातून त्यांचा फडातला प्रवेश उलगडतो, टिकून राहणे नव्हे. ते टिकले, कारण लिहिणारा आणि बोर्डावर उभा राहणारा एकच होता. गण, गौळण, लावणी, वग हा तमाशाचा सारा क्रम त्यांनी स्वतःच्या रचनांनी भरला. ढोलकी कुठे चढेल, झीलकरी ओळ कुठे उचलतील, हे अशा कवीला आधीच ठाऊक असते. रचनांच्या शेवटी त्यांची नाममुद्रा येते, ती कवीची सही आणि फडाची जाहिरातही. आपण दोन लाख लावण्या रचल्या, हा त्यांचा दावा मात्र शब्दशः घेऊ नये. कलगी-तुऱ्याच्या चढाओढीत वाढलेल्या शाहिरीत आत्मप्रौढी हा रिवाजच होता. तेव्हा त्यांची थोरवी रचनांच्या संख्येवर किंवा प्रेमकथेवर न ठरवता प्रयोगक्षमतेवर ठरवावी.