पदक विकणाऱ्याला शिव्या देण्याआधी



कुणी शौर्यपदक विकलं की लोक म्हणतात, घराण्याची अब्रू विकली. म्हणणाऱ्याच्या घरी बहुतेक कणगी भरलेली असते. सेनगावच्या अभ्यासवर्गात एका पोरानं मला सरळच विचारलं, "आज्यानं मर्दुमकी करून मिळवलेलं मेडल पोटासाठी ईकलं, तर गुन्हा का?" आमचा मुलूख निजामाचा. जवळच्या हिंगोलीला हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती. पलटण आणि पेन्शन हे शब्द इथं नवे नाहीत. तेव्हा उत्तर इतिहासालाच विचारू.

१ जानेवारी १८१८, कोरेगाव. तिथल्या दगडी स्तंभावर कंपनीच्या ४९ शिपायांची नावं आहेत, त्यातली २२ 'नाक' लागणारी, म्हणजे आपली. पण छातीवरचं पदक? ते जाहीर झालं १८५१ साली, ३३ वर्षांनी. तेही फक्त तोवर जिवंत असलेल्यांना. विशीत लढलेला गडी तेव्हा त्रेपन्न वर्षांचा. जे रणात पडले त्यांच्या घरी चांदीची चकती आलीच नाही. त्यांच्या लेकराबाळांकडे विकायला तरी काय होतं?

पैशाचं म्हणाल, तर शौर्याला पैसा आधी सरकारनंच जोडला. कंपनीनं १८३७ साली हिंदी शिपायांसाठी 'ऑर्डर ऑफ मेरिट' काढली. तिच्या तिसऱ्या वर्गाला पगाराच्या एक-तृतीयांश वाढ, दुसऱ्याला दोन-तृतीयांश, पहिल्याला दुप्पट पगार. तेव्हा कुणाची अब्रू गेली नाही. शिपायाचा नातू सोनाराच्या दारात उभा राहिला की मात्र जाते!

पुढं १८९२ च्या सुमारास 'लढाऊ जाती'चं खूळ निघालं आणि महारांची भरती बंद झाली. गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ मध्ये अर्ज केला, शिवराम जानबा कांबळ्यांनी १९१० मध्ये केला. आणि १९११ मध्ये व्हिक्टोरिया क्रॉस हिंदी शिपायांना खुला झाला. सगळ्यात मोठ्या पदकाचं दार उघडलं तेव्हा आम्ही पलटणीच्याच दाराबाहेर! महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा १९१७ मध्ये १११वी महार पलटण उभी केली, १९२१ मध्ये मोडली. महार रेजिमेंट बेळगावात उभी राहिली ती १ ऑक्टोबर १९४१ ला. म्हणून आपल्या घरांत पदकं थोडी. पराक्रम थोडा होता म्हणून नव्हे.

त्या पहिल्या महायुद्धाचं पदकही बघा. हे शौर्याचं नव्हे, युद्धसेवेचं. लढणाऱ्याला चांदीचं, ओझी वाहणाऱ्या मजुराला काशाचं. उतरंड तिथंही होतीच. कडेला मात्र शिपायाचा नंबर, नाव आणि पलटण कोरलेली. १९८० च्या सुरवातीला जगभर चांदी भडकली तेव्हा अशी कितीतरी पदकं मुशीत गेली. चांदी उरली, नाव वितळलं.

आता दुसरी बाजू. हरियाणाचे उमराव सिंग, दुसऱ्या महायुद्धातले व्हिक्टोरिया क्रॉसवाले. मोठ्या रकमा दाखवल्या तरी त्यांनी पदक विकलं नाही. विकलं तर लढाईत पडलेल्या सोबत्यांचा अपमान होईल, असं त्यांचं म्हणणं. पण हा माणूस गप्प बसला नाही. १९९५ मध्ये लंडनला त्यांनी पंतप्रधान जॉन मेजर यांना तोंडावर सांगितलं, की हिंदी पदकवाल्याचा वर्षाचा भत्ता १६८ पौंड आहे, १९६० पासून वाढलेला नाही. मग तो वाढला. पदक जपणं आणि हक्क मागणं, दोन्ही एकाच माणसाचं काम.

तर माझं उत्तर असं. भुकेपोटी विकणारा गुन्हेगार नाही. ज्या व्यवस्थेनं शूराच्या नातवाला सोनाराच्या काट्यापर्यंत आणलं, तिला जाब विचारा. पण धातू त्या घराचा असला तरी त्यावरचं नाव एकट्या घराचं नाही, ते समाजाचं आहे. ते विकायचा हक्क कुणालाच नाही.

आणि नुस्तं उत्तर देऊन भागणार नाही. आपल्या वस्त्यांत घरोघर जा. पदक असेल तर कडेवरचं नाव, नंबर, पलटण वहीत उतरून घ्या. फोटो काढा. म्हातारी माणसं आहेत तोवर विचारा, कुठं लढला, का गेला, परत आल्यावर गावानं पाणी कुठनं पाजलं. बाबासाहेब १ जानेवारी १९२७ ला कोरेगावला गेले. तिथं दगडावर नावं होती, म्हणून दाखवता आली. आपल्या घरातली नावं कागदावर तरी येऊ द्या. मग पदक राहो की जावो.

जय भीम.