मखराचा बैल आणि मानाची रांग

किन्हीराजाच्या पोळ्याचे कागद शोधायला निघालं की पहिली अडचण येते ती जिल्ह्याची. मालेगाव तालुक्यातलं हे गाव आज वाशीम जिल्ह्यात आहे. पण हा जिल्हा १ जुलै १९९८ ला अकोल्यातून वेगळा निघाला. त्याआधी इंग्रजी अमलात ‘बासिम’ जिल्हा होता, तो १९०५ मध्ये मोडून अकोल्यात घातला गेला. त्यामुळे या मुलखाची विसाव्या शतकातली जुनी माहिती वाशीमच्या नावाखाली सापडत नाही. ती अकोल्याच्या १९१० च्या गॅझेटियरात धुंडाळावी लागते.

या भागातला सर्वांत जुना कागद कागदाचा नाहीच. वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ती याचा ताम्रपट १९३९ साली वाशीमला मिळाला. वत्सगुल्म, म्हणजे आजचं वाशीम, इथून तो दिला गेला. त्यावर महिना-तिथी नाही. राज्यवर्ष ३७, हेमंताचा पहिला पक्ष, चौथा दिवस, अशी ऋतूंवरून मोजलेली मिती आहे. वाकाटकांच्या दानपत्रांत दान दिलेल्या गावाला ज्या सवलती मिळत, त्यांत एक बैलांची असे: सरकारी कामाला पाळीपाळीनं गाई-बैल पुरवण्यातून गाव मोकळं. पोळ्याचा यात उल्लेख नाही, आणि ओढूनताणून तो काढूही नये. मात्र बैल लेखी येतो तो देणं म्हणून, एवढं लक्षात ठेवायला हरकत नाही.

पोळ्याचं सविस्तर वर्णन हाती येतं ते १९१६ मध्ये. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांचा मध्य प्रांतातील जाती-जमातींवरचा चार खंडांचा ग्रंथ त्या वर्षी निघाला. त्यातल्या कुणबी या प्रकरणात पोळा आहे. पुढे म्हातारा बैल, त्याच्या शिंगांना मखर. म्हणजे खुंट्या ठोकलेली लाकडी चौकट, खुंट्यांवर पेटते पलिते. दोन खांबांना बांधलेलं आंब्याच्या पानांचं तोरण. मखराच्या बैलानं ते तोडायचं आणि गावाकडे उधळायचं, मागोमाग बाकीची गुरं. हा बैल तीन वर्षांत मरतो असा समज होता, असंही लेखक नोंदवतात. मान म्हाताऱ्या बैलाला का, याचं उत्तर बहुधा इथेच असावं. जोडीतला तरणा बैल असल्या मानासाठी कोण पुढे करील?

मखरामागे आधी मालगुजारांचे, म्हणजे गावाच्या मालकांचे, बैल, नंतर कुळांचे. कुळांचा क्रम पैशावरून लागत नसे. घराण्याच्या परंपरागत जागेवरून लागे. आपली जागा डावलली गेली तर कुणब्याला ते फार लागे, असं ग्रंथ सांगतो.

आता हे वर्णन उचलून किन्हीराजाच्या वेशीवर ठेवायचं का? जसंच्या तसं नाही. मालगुजारी ही नागपूर-वर्ध्याकडची व्यवस्था. किन्हीराजा वऱ्हाडात. वऱ्हाड १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आलं आणि इथे पुढे रयतवारी मोजणी झाली. शेतसारा खातेदाराच्या नावावर आणि गावाचा प्रमुख पाटील. मालगुजार इथे नव्हताच. १९०३ मध्ये वऱ्हाड मध्य प्रांताला जोडलं गेलं म्हणून एकाच ग्रंथात दोन्हीकडची माणसं आली, एवढंच. म्हणजे ग्रंथातली मालगुजाराची जागा आपल्याकडे पाटलाच्या घराला द्यावी लागते.

या बदलाला मराठी कागद आधार देतात. पाटीलकीचे हिस्से विकताना किंवा भाऊबंदांत वाटताना जे लेख होत, त्यांत जमिनीइतक्याच काळजीनं मानपान लिहिलेले असत: होळीची पोळी कोणाची आधी, दसऱ्याला आपटा कोणी पुजायचा, पोळ्याला कोणाचा बैल पुढे. हे लेख बहुतेक देशावरचे आहेत, आणि १९१५ मध्ये ‘गांवगाडा’ लिहिणारे त्रिंबक नारायण आत्रेही तिकडलेच. पण वऱ्हाडातही पाटीलकी वतनीच होती. सणाचा दिवस नजरेआड झाला तरी चालेल, पण त्यातली जागा कागदावर हवी, अशी ही माणसं. मला त्यांचं हसू येत नाही. जी गोष्ट मोजता येत नाही तीच भांडणात आधी जाते.

मितीचंही एक पथ्य आहे. आपला पोळा श्रावण अमावास्येला. हिंदी मुलखात महिना पौर्णिमेला संपतो, म्हणून तिकडे तीच अमावास्या भाद्रपदात पडते. दोन महिने दिसले म्हणजे दोन सण झाले, असं धरू नये. पश्चिम महाराष्ट्रातला बेंदूर मात्र खरोखर वेगळ्या दिवशी असतो. वऱ्हाडातला दिवस शेताच्या कामाशी जुळतो: तिफणीवरची पेरणी कधीच झालेली, कपाशी-ज्वारीतली डवरणी आटोपत आलेली. आदल्या दिवशी खांदमळणी होते, वर्षभर जू वाहिलेल्या खांद्याला हळद-लोणी चोळतात.

१ जानेवारी १९६३ पासून मुलकी पाटलांची वतनी पदं कायद्यानं संपली. पोळ्याच्या रांगेबद्दल त्या कायद्यात काही असण्याचं कारण नव्हतं. राज्याच्या सार्वजनिक सुट्ट्यांच्या यादीतही पोळा नाही; तो आला तर जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक सुट्टीतून येतो.

या सगळ्या कागदांत ज्याचं नाव शोधूनही मिळत नाही तो सालदार, म्हणजे सालावर ठेवलेला गडी. बैल नदीवर नेऊन धुणारा, शिंगांना बेगड लावणारा, रांगेत कासरा धरून उभा राहणारा तोच. मान मालकाच्या घराण्याचा लिहिला गेला, आणि तोरण तुटल्यावर उधळलेल्या गुरांमागे धावला सालदार. नंतर बैल दारोदार नेला की त्याच्या हातावर बोजारा पडे, कुठे दाणे, कुठे नाणं. त्याची पावती कोणी केली नाही.