नवेगावचा बांध आणि नवेगावची बाग

नागझिऱ्याला जाऊन आलो असं ऑफिसात सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला. "वाघ दिसला का?" नाही दिसला. रानकुत्रे दिसले, गवे दिसले. पण ते कुणी मोजत नाही. असो. आजचा विषय वाघ नाहीच. आजचा विषय आहे एक बाग.

झालं असं, की सकाळची सफारी आटोपली आणि हातात अर्धा दिवस उरला. साकोलीवरून जो महामार्ग जातो, त्याच्या उत्तरेला नागझिरा आणि दक्षिणेला नवेगावबांध. मित्राला म्हटलं, चल, तुला माझ्या लहानपणीची जागा दाखवतो.

आमच्या वयाच्या नागपूर-भंडाऱ्याकडच्या कित्येकांची आयुष्यातली पहिली ट्रिप नवेगावबांधची. एकतर शाळेची, नाहीतर घरची. आम्ही गोंदियाहून गाडीने देवलगावला उतरायचो. आईच्या डब्यात तिखट-मिठाच्या पुऱ्या आणि बटाट्याची भाजी. टेकडीवर बाग, झोपाळे, हरणांचं कुंपण, पक्ष्यांचे पिंजरे, आणि खाली ते अफाट तळं. बाबा एरवी रुपया-रुपया जपणारे, पण तिथे बोटीचं तिकीट न कुरकुरता काढायचे. वाघ बघायला जातोय असं तेव्हा कुणाच्या मनातही नसायचं.

या वेळी गेलो तर बाग ओळखू येईना. पायऱ्यांवर गवत, झोपाळ्याच्या नुसत्याच साखळ्या, खोल्यांना कुलूप. टपरीवाल्या काकाजींना विचारलं तर म्हणाले, "आता कोन येते जी इकडं? सारे वाघ पाहाले जाते."

घरी येऊन जरा वाचायला बसलो. नवेगावबांधचा इतिहास म्हणजे एकाच ठिकाणच्या दोन बांधकामांची गोष्ट आहे.

पहिलं बांधकाम तळ्याचं. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी याने ते बांधलं असं मानतात. कोहळी म्हणजे तळी बांधण्यात वाकबगार समाज. भंडारा-गोंदियाला तलावांचा मुलूख म्हणतात ते बरंचसं त्यांच्यामुळे. भोवतालच्या टेकड्यांना लोक 'सात बहिणी' म्हणतात, आणि कोलू पाटलाचा तर पुढे देवच झाला, कोलासूर देव! (आमच्यात उत्तम काम करणाऱ्याला फार तर 'एम्प्लॉयी ऑफ द मंथ' करतात.)

दुसरं बांधकाम पर्यटनाचं. १९७५ साली तळ्याभोवतीचं सुमारे १३४ चौरस किलोमीटर जंगल राष्ट्रीय उद्यान झालं. बागा, लॉगहट, विश्रामगृहं आली. वनाधिकारी मारुती चितमपल्ली इथे अनेक वर्षं राहिले आणि 'नवेगावबांधचे दिवस' लिहून त्यांनी हे गाव मराठी वाचकाच्या नकाशावर आणलं. (२०२५च्या जूनमध्ये ते गेले, पद्मश्री जाहीर झाल्यावर काही महिन्यांतच.)

मग ओहोटी का लागली? एक कारण सगळे सांगतात: नक्षलवाद. पूर्व विदर्भातल्या बातम्या वाचून पुण्या-मुंबईचे सोडाच, नागपूरचे लोकही मुलाबाळांना घेऊन यायला कचरू लागले. दुसरं कारण आपण स्वतः. ताडोबाची कीर्ती वाढली तसं 'जंगलात जाणं' म्हणजे 'वाघ बघणं' झालं. २०१३च्या डिसेंबरमध्ये नवेगाव-नागझिरा मिळून व्याघ्रप्रकल्प जाहीर झाला. जंगलाच्या दृष्टीने ते चांगलंच झालं. २०२३ साली ब्रह्मपुरीकडच्या दोन वाघिणी आणून नागझिऱ्यात सोडल्या, तेही त्याचंच फळ. पण चार माणसांचं कुटुंब डबा घेऊन येतं आणि दिवसभर नुसतं बसतं, या प्रकाराला त्या नकाशात फारशी जागा उरली नाही.

मला मात्र तिसरं कारण जास्त पटतं. तळं तीनशे वर्षं टिकलं, कारण त्याच्या पाण्यावर कुणाचं तरी धान पिकत होतं आणि ढिवरांना मासळी मिळत होती. बांध फुटला तर घरात भात नाही, म्हणून दुरुस्ती व्हायची. बाग बिघडली तर कुणाचंच काही अडत नव्हतं. आमच्या धंद्यात हे रोज दिसतं. नवीन काही रिलीज करताना केक कापतात, मेंटेनन्सला माणूस मिळत नाही.

तळीसुद्धा अमर नसतात बरं का. १९५१मध्ये मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले, आणि 'हे आपलं आहे' म्हणणारं कुणी न राहिल्याने अनेक मामा तलाव गाळाने आणि बेशरमच्या झुडपांनी भरले. अलीकडे याच भागात काही गावांमधल्या ढिवर बायकांनी तळ्यात उतरून ती झुडपं उपटली, देशी पाणवनस्पती लावल्या. त्यांना पर्यटक नको होते, मासे हवे होते. म्हणूनच ते काम झालं.

बागेचं काय व्हायला हवं, मला ठाऊक नाही. नवा निधी आणि नवं रंगकाम होईल, परत गवत वाढेल. तिथल्या गावाचं पोट तिच्यावर अवलंबून असेल, तरच ती टिकेल असं वाटतं.

रात्री बाबांचा फोन आला. आता त्यांना गुडघ्यांमुळे प्रवास होत नाही.

"झोपाळे आहेत का रे अजून?"

मी जरा थांबलो. म्हटलं, "तळं भरलंय बाबा. अगदी तसंच आहे."

"मग झालं," म्हणाले.